खाटेभोवती ‘शिकाऊ’ डॉक्टर का असतात? मुंबईच्या पहिल्या बॅचमधल्या भाऊ दाजींच्या आयुष्यातून समजून घ्या

खापर (ता. अक्कलकुवा) : खापरहून पेशंट घेऊन निघालेली गाडी अक्कलकुवा, तळोदा करत, तापी ओलांडून नंदुरबारच्या सिव्हिलला पोहोचते. पेशंटला खाट मिळते आणि थोड्या वेळाने पांढऱ्या कोटातली सात-आठ पोरं-पोरी खाटेभोवती उभी राहतात. एक जण नाडी बघतो, दुसरी सकाळीच विचारलेले प्रश्न पुन्हा विचारते, तिसरा वहीत लिहून घेतो. मागे उभे असलेले मोठे डॉक्टर मध्येच थांबवून त्यांनाच प्रश्न विचारतात. नातेवाइकांच्या मनात लगेच शंका येते, हे शिकाऊ आमच्या माणसावर हात साफ करणार का?

नंदुरबारला सरकारी मेडिकल कॉलेज २०२०-२१ या शैक्षणिक वर्षात १०० जागांसह सुरू झालं. त्याआधी अवघड केस असली की धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे कॉलेजचं हॉस्पिटल गाठायचं किंवा सरळ गुजरातेत सुरतेला जायचं, हीच सवय होती. त्यामुळे खाटेभोवतीची ही गर्दी जिल्ह्यातल्या अनेकांना नवी आहे. पद्धत मात्र जुनी आहे. आपल्या राज्यात ती १८४५ मध्ये भायखळ्यात सुरू झाली. तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या आठ जणांमध्ये गोव्याच्या मांद्रे गावचा एक तरुण होता. त्याचं नाव रामचंद्र विठ्ठल लाड. लोक त्याला भाऊ दाजी म्हणत. मुंबईत राणीच्या बागेशेजारी ज्यांच्या नावाचं म्युझियम आहे, तेच हे.

आधी शंका दूर करू. खाटेजवळ दिसणारे सगळे ‘शिकाऊ’ एका पायरीवरचे नसतात. एमबीबीएसचे विद्यार्थी साडेचार वर्षं शिकतात. ते तपासतात, विचारतात, लिहितात, पण औषध ठरवत नाहीत. परीक्षा पास झाल्यावर एक वर्षाची इंटर्नशिप असते, तो इंटर्न. त्याच्या वरचा निवासी डॉक्टर म्हणजे एमबीबीएस पूर्ण केलेला, कायद्याने डॉक्टर असलेला आणि एमडी किंवा एमएससाठी आणखी तीन वर्षं शिकणारा माणूस. रात्री दोन वाजता वॉर्डात धावत येतो तो बहुतेक वेळा हाच. या सगळ्यांच्या वर प्राध्यापक असतात आणि उपचाराची जबाबदारी त्यांची असते.

आता १८४५ च्या आधीच्या मुंबईत जाऊ.

कॉलेज आधी की हॉस्पिटल?

मुंबईत सरकारने १८२६ मध्ये एक छोटी वैद्यकीय शाळा काढली होती. ती चालली नाही आणि १८३२ मध्ये बंद पडली. नंतर गव्हर्नर म्हणून आलेल्या रॉबर्ट ग्रँट यांनी विषय पुन्हा उचलला. हिंदुस्थानी मुलं युरोपीय वैद्यक शिकू शकतील का, प्रेत फाडायला तयार होतील का, असे प्रश्न तेव्हा गंभीरपणे विचारले जात होते. कलकत्त्यात १८३६ मध्ये मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन करून त्यातल्या एका प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. ग्रँट १८३८ मध्ये वारले. त्यांच्या स्मरणार्थ कॉलेज काढायचं ठरलं आणि लोकांनी वर्गणी जमवली.

त्याच सुमारास व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांनी गोरगरिबांच्या हॉस्पिटलसाठी एक लाख रुपये देऊ केले आणि कंपनी सरकारने तेवढीच भर घातली. जमशेटजींचा पैसा चीनच्या व्यापारातला, कापसाचा आणि अफूचाही. मुंबईतल्या बऱ्याच जुन्या इमारतींच्या पायात अफूचा पैसा आहे, त्याला हे हॉस्पिटलही अपवाद नाही. १८४३ मध्ये दोन्ही इमारतींची पायाभरणी झाली आणि १८४५ मध्ये दोन्ही सुरू झाल्या. तेच आजचं जेजे हॉस्पिटल आणि ग्रँट मेडिकल कॉलेज.

एकाच आवारात कॉलेज आणि हॉस्पिटल ही निव्वळ सोय नव्हती. पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड एडिंबरोचे पदवीधर होते आणि पॅरिसमध्येही शिकले होते. एडिंबरोत विद्यापीठाचे विद्यार्थी रॉयल इन्फर्मरीच्या वॉर्डात जाऊन शिकत. पॅरिसच्या मोठ्या सरकारी इस्पितळांत डॉक्टर शेकडो रुग्णांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहत होते. पिएर लुई या फ्रेंच डॉक्टरने अशाच नोंदी मोजून न्यूमोनियासारख्या आजारात रक्त काढण्याचा फारसा उपयोग होत नाही हे दाखवलं, आणि त्या काळी रक्त काढणं हा सर्रास चालणारा उपाय होता. बर्लिनमध्ये १७१० ला प्लेगच्या भीतीने बांधलेलं शारिटे हे रुग्णालय पुढे विद्यापीठाला जोडलं गेलं. नाव कुठे विद्यापीठ रुग्णालय, कुठे टीचिंग हॉस्पिटल, पण आतली कल्पना एकच होती. आजार पुस्तकात नाही, खाटेवर शिकायचा. जे दिसलं ते लिहायचं आणि दुसऱ्याला तपासू द्यायचं.

मोरहेड यांनी हाच आग्रह मुंबईत धरला. विद्यार्थ्याला वॉर्डात कामाला लावायचं, त्याने रुग्णाची हकीकत लिहायची, शिक्षकाने ती तपासायची. नंदुरबारच्या वॉर्डात आज वहीत लिहिणारा तिसरा मुलगा तेच करतो आहे.

बुद्धिबळाच्या पटावरून वर्गात

भाऊंचा जन्म १८२२ चा. घरची परिस्थिती साधी. वडील पोटासाठी मुंबईत आले. भाऊ लहानपणी बुद्धिबळ फार चांगलं खेळत. ते पाहून एका इंग्रजाने वडिलांना सांगितलं, म्हणून मुलाला इंग्रजी शाळेत घातलं, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. एल्फिन्स्टन संस्थेत ते चमकले. कच्छ आणि काठियावाडमधल्या बालहत्येवर, म्हणजे मुली मारण्याच्या प्रथेवर, त्यांनी लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळालं. पुढे तिथेच ते शिक्षक झाले.

इथे थोडं थांबायला हवं. वय तेवीसच्या आसपास, हातात मानाची नोकरी, आणि समोर नुकतंच उघडलेलं एक कॉलेज. तिथून पास होऊन कोणी बाहेर पडलेलं नव्हतं, तिथल्या डिप्लोम्याला बाजारात काय भाव येईल हे कोणालाच माहीत नव्हतं आणि शवविच्छेदन केलं म्हणून नातेवाईक काय म्हणतील याचीही खात्री नव्हती. भाऊ शिक्षकाचे पुन्हा विद्यार्थी झाले. आज नव्या कॉलेजच्या पहिल्या बॅचला प्रवेश घेताना पालक घाबरतात, त्यांना हे प्रकरण ओळखीचं वाटेल.

१८५१ मध्ये पहिली तुकडी पास झाली. एकूण आठ जण. त्यात भाऊंसोबत आत्माराम पांडुरंग होते, ज्यांनी पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. गोमंतकीय डॉक्टर जुझे कामिलो लिस्बोआ होते, ते नंतर वनस्पतींचे अभ्यासक म्हणून ओळखले गेले. अनंत चंद्रोबा होते. सगळ्यांना मिळाली ती कॉलेजचीच पदविका, कारण मुंबईत विद्यापीठ अजून नव्हतंच. ते १८५७ मध्ये आलं आणि त्याच्या पहिल्या फेलोंच्या यादीत भाऊ दाजींचं नाव होतं. विद्यापीठाच्या आधी डॉक्टर झालेला माणूस विद्यापीठ चालवणाऱ्यांत बसला.

(आजची रचनाही अनेकांना गोंधळात टाकते, म्हणून एक ओळ. नंदुरबारचं कॉलेज आणि हॉस्पिटल सरकारचं, पदवी मात्र नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. हे विद्यापीठ १९९८ चं, नंदुरबार जिल्हाही त्याच वर्षीचा. आणि कॉलेजला परवानगी हवी तर आधी हॉस्पिटल दाखवावं लागतं. १०० जागांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निकषांत ४२० खाटा धरल्या आहेत.)

डॉक्टर कोर्टात उभा राहतो

भाऊंची प्रॅक्टिस जोरात चालली. भाऊ नारायण दाजी हेही ग्रँट कॉलेजचेच डॉक्टर. दोघांनी मिळून गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. पण भाऊ दवाखान्यापुरते राहणारे नव्हते. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन ही सरकारपुढे लोकांचं म्हणणं मांडणारी संस्था निघाली, तेव्हा ते चिटणीस झाले. मुलींच्या शाळेला त्यांनी आधार दिला. जगन्नाथ शंकरशेट आणि ग्रँट कॉलेजमधले जॉर्ज बर्डवुड यांच्यासोबत म्युझियमसाठी पैसे उभे केले. १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले.

‘महाराज’ हा २०२४ मध्ये ओटीटीवर आलेला चित्रपट तुम्ही पाहिला असेल, तर त्यामागचा खरा खटला १८६२ चा. पत्रकार करसनदास मुळजी यांनी वल्लभ संप्रदायातल्या महाराजांच्या वर्तनावर लिहिलं आणि जदुनाथजी महाराजांनी अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. या खटल्यात भाऊ दाजी आणि डॉ. धीरजराम दलपतराम यांनी वैद्यकीय साक्ष दिली आणि महाराजांच्या गुप्तरोगाचा मुद्दा कोर्टासमोर आला. निकाल करसनदासांच्या बाजूने लागला.

रुग्णाची माहिती डॉक्टरने बाहेर सांगावी का, हा प्रश्न आजही सुटलेला नाही आणि त्या साक्षीकडे तसंही पाहता येतं. पण समाजातल्या सर्वात ताकदवान माणसांविरुद्ध शपथेवर बोलायला डॉक्टर तयार झाले, हे त्या शहराला नवीन होतं. वॉर्डात जे दिसतं ते लिहायचं, ही शिकवण कोर्टापर्यंत पोहोचली होती.

डॉक्टरकी सांभाळून त्यांनी जुने शिलालेख वाचायचा छंद धरला. छंद म्हणणं खरं तर कमी आहे. अजिंठ्याचे लेख त्यांनी अभ्यासले, कालिदासाच्या काळावर लिहिलं, जुनी अंकलेखनाची चिन्हं उलगडण्याचा प्रयत्न केला. भगवानलाल इंद्रजी या तरुणाला १८६० च्या दशकात त्यांनी लेखांचे ठसे घ्यायला देशभर पाठवलं आणि तो पुढे मोठा पुरातत्त्वज्ञ झाला. हे सगळं त्यांनी शोधनिबंध म्हणून विद्वानांसमोर वाचलं, छापलं. कोणी चूक काढली तर काढू दे, अशी उघडी पद्धत होती.

मग महारोगाचं औषध गुप्त का?

महारोग म्हणजे कुष्ठरोग. तेव्हा त्यावर खात्रीचा इलाज नव्हता. रोग्याला घराबाहेर काढणं हाच समाजाचा इलाज. भाऊंनी जुने संस्कृत वैद्यकग्रंथ वाचले, त्यातल्या औषधांच्या चाचण्या घेतल्या आणि महारोगावर एक उपाय शोधला. त्यांच्याकडे रोगी येऊ लागले, गुण येतो असा बोलबाला झाला. औषध कशाचं आहे हे मात्र त्यांनी जाहीर केलं नाही आणि त्यावरून टीका झाली. पुढच्या औषधी ग्रंथांतल्या नोंदींनुसार ते कडू कवठाच्या बियांचं तेल असावं. सह्याद्रीच्या जंगलात वाढणारं हे झाड चालमोगऱ्याच्या जवळचं.

त्यांच्या बाजूने बोलायचं तर तो काळच तसा होता. वैद्यांच्या घरात नुस्खा बापाकडून मुलाकडे जाई, बाहेर नाही. युरोपातही बाटलीबंद ‘गुप्त’ औषधं जोरात खपत. पण भाऊ त्या शाळेतले नव्हते. ते अशा कॉलेजचे पहिले पदवीधर होते, जिथे रुग्णाची हकीकत सगळ्यांसमोर वाचली जाते. औषधाचं नावच माहीत नसेल तर दुसरा डॉक्टर ते देणार कसं आणि न आलेला गुण मोजणार कसा? इथे भाऊंचं चुकलं, असं आज म्हणावं लागतं.

फरक किती पडतो हे त्याच आवारात दिसत होतं. ग्रँट कॉलेजमध्ये १८५८ पासून हेन्री वॅनडाइक कार्टर शिकवत होते. जगभरच्या मेडिकल विद्यार्थ्यांना माहीत असलेल्या ‘ग्रेज अॅनाटॉमी’तली मूळ चित्रं याच माणसाने काढलेली. पुस्तक ग्रे यांच्या नावाने ओळखलं जातं आणि कार्टर यांचं नाव बहुतेकांना माहीतही नसतं, तो भाग वेगळा. मधली काही वर्षं ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. त्यांनाही महारोगाने पछाडलं होतं. ते १८७३ च्या सुमारास थेट नॉर्वेला गेले, कारण तिथे बर्गन शहरात महारोग्यांची रुग्णालयं होती आणि सरकार रोग्यांची नोंद ठेवत होतं. त्याच बर्गनमध्ये १८७३ मध्ये गेर्हार्ड हॅन्सन यांनी महारोगाचा जंतू पाहिला. हा आजार पाप किंवा शाप नाही, जंतूमुळे होतो, हे कळण्याची ती सुरुवात. कार्टर यांनी जे पाहिलं ते अहवालात लिहून छापलं.

भाऊ दाजींकडे औषध होतं, कार्टर यांच्याकडे नव्हतं. पण कार्टर यांचे कागद पुढच्या डॉक्टरांच्या हाती आले.

१८६५ मध्ये मुंबईचा शेअर बाजार कोसळला होता. कापसाच्या तेजीत शहर वेडं झालं होतं आणि अमेरिकेतलं यादवी युद्ध संपताच भाव पडले. अनेक नामवंतांसारखे भाऊही त्यात पोळले. १८७४ च्या मे महिन्यात ते वारले, वय ५१. हॅन्सनच्या शोधाला जेमतेम वर्ष झालं होतं.

तेलाची गोष्ट मात्र संपली नाही. चालमोगऱ्याचा उपयोग कलकत्त्यात डॉ. फ्रेडरिक मुआट यांनी १८५४ मध्येच छापून जाहीर केला होता, त्यामुळे तो धागा पुढे जात राहिला. तेल पोटात घेतलं की मळमळ होई, टोचलं तर ते कातडीखाली साचून गाठी होत. १९१५ च्या सुमारास हवाई विद्यापीठात अॅलिस बॉल या तेवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ तरुणीने ते टोचता येईल अशा रूपात आणलं. ती वर्षभरातच वारली आणि तिच्या कामाचं श्रेय बराच काळ दुसऱ्यानेच घेतलं. १९४० च्या दशकात सल्फोन गटातली औषधं येईपर्यंत जगभर महारोग्यांना हेच तेल टोचलं जात होतं.

खापरच्या पेशंटला यातून काय कळतं?

मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात तुमचा आजार अनेकांच्या नजरेखालून जातो. तेच प्रश्न तीनदा विचारले जातात तेव्हा वैताग येतो, पण पहिल्याने न विचारलेलं तिसरा विचारतो. तुमच्या भागात जास्त दिसणारा आजार, उदाहरणार्थ सिकलसेल, तिथे एका रुग्णाचा न राहता शेकडो नोंदींचा विषय होतो.

शंका आली तर विचारायचं. समोरचा विद्यार्थी आहे की निवासी डॉक्टर, युनिटचे प्रमुख कोण, राउंडला किती वाजता येतात, हे विचारण्याचा हक्क नातेवाइकांना आहे. ऑपरेशनआधी सही घेताना ते कोण करणार हेही विचारता येतं. विद्यार्थ्यांनी तपासू नये असं वाटत असेल, विशेषतः महिला रुग्णांच्या बाबतीत, तर तसं सांगता येतं. त्यामुळे उपचार थांबत नाहीत.

भाषेची अडचण राहतेच. १८४५ च्या भायखळ्यात शिक्षण इंग्रजीतून होतं आणि खाटेवरचा माणूस मराठी किंवा गुजराती बोलत होता. नंदुरबारमध्ये पुण्या-मुंबईहून आलेल्या विद्यार्थ्याला वसावे किंवा पावरी बोलणाऱ्या आजीचं दुखणं समजून घ्यायचं असतं. एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीलाच स्थानिक भाषेचे तास ठेवले आहेत. खापरहून सोबत गेलेल्या नातेवाइकाने खाटेजवळ थांबून शब्दाचा अर्थ सांगितला, तर वहीतली नोंद बरोबर उतरते.

भायखळ्याच्या म्युझियमला भाऊ दाजी लाड यांचं नाव १९७५ मध्ये मिळालं. जेजेच्या वॉर्डांपासून ते फार लांब नाही.